बनाक्काची लाकडं

माझं अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला शाळेत बसला नाही, आणि शाळाच चौथीत सुटली, त्यामुळं पुढं तो बसायचा प्रश्नच आला नाही. हे कुणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी आधी माफी मागून ठेवते. माफी मागितल्याशिवाय मला कुणाच्या घरात बसता येत नाही, कागदावर तरी कशी बसू? गेल्या सालच्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, त्यांवर लिहिते आहे. मालक ड्यूटीवर गेले की दुपार रिकामी होते. दार लोटून घेते आणि पाट पुढ्यात ओढते.

काल गल्लीतली पोरं होळीसाठी लाकडं मागायला आली, तिथून हे सुरू झालं. आम्ही सांगलीत हळदीच्या पेठेजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. फौजेतून सुटून आल्यावर मालकांना इथल्या एका गोदामावर राखणदारीचं काम लागलं. दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यालाही इथं हळदीचा वास येतो. पोरं दारात उभी राहिली, हातात खोक्यांच्या मोडक्या फळ्या. मालकांनी खिशातून दोन रुपये काढून दिले. त्यातला एक धीट होता, म्हणाला, "मामा, एखादं फळकूट तरी द्या की. मिल्ट्रीवाल्याच्या घरातनं नुसती वर्गणी व्हय?" बाकीचे हसले. मालक हसले नाहीत. पोरं गेल्यावर त्यांनी बाहेर पडलेला मोडका पाट आत घेतला, धुणं वर सरकवायची काठी आत घेतली आणि कडी लावली. होळीला लाकूड द्यायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे. ठरताना कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता.

होळी मला लहानपणी आवडायची. माझं माहेर तासगावच्या अलीकडं. आता तिथं द्राक्षांचे मांडव उभे राहिले आहेत, तेव्हा नुसती ज्वारी असायची. फाल्गुन लागला की आई छोट्या छोट्या शेणी थापायची, मधे बोटानं भोक पाडायची. त्या वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची. ती माळ आम्ही पोरी गळ्यात घालून होळीपर्यंत न्यायचो आणि मधल्या एरंडाच्या फांदीला अडकवायचो. शेणाची माळ गळ्यात घालून मिरवायची, आणि तिचा वास आला तरी नाक मुरडायचं नाही. पौर्णिमेचा चंद्र वर आला की होळी पेटायची. पुरणाची पोळी आगीत, नारळ आगीत, तांब्यातल्या पाण्याची धार धरून भोवती फेऱ्या. मग पुरुष उलटा हात तोंडावर आपटून बोंब मारायचे. माणूस मेल्यावर बायका मारतात तशीच बोंब, फक्त हसत हसत.

मी आईला विचारलं होतं, सणाला मेल्यासारखं का ओरडतात. आई म्हणाली, वर्षाचं पोटात साचलेलं आज बाहेर काढायचं, म्हणजे पुढच्या वर्षाला जागा होते. पोरींनी मात्र बोंब मारायची नसते. मारायची असती तरी मला जमली नसती. माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

दुसरा एक नियम होता, तो मला तेव्हा गमतीचा वाटायचा. होळीसाठी केलेली चोरी ही चोरी नाही. कुणाची बाज, कुणाचं दार, कुणाच्या कुंपणाच्या काट्या, पोरांच्या हाती लागेल ते होळीत. आणि एकदा आगीत पडलं की मालकानं ते मागायचं नाही, शिवी द्यायची नाही, आलाच राग तर बोंब मारून मोकळं व्हायचं. एका साली आमच्या वडिलांचं नवंकोरं जू होळीत गेलं. वडील कमरेवर हात ठेवून ते जळताना बघत राहिले आणि म्हणाले, लाकूड चांगलं होतं, ज्वाळा बघा कशी निघतीय. दुसऱ्या दिवशी दुसरं जू करायला सुताराकडं गेले. तेव्हा लाकूड होतं, सुतार होता आणि जुवाखाली घालायला बैल होते.

लग्न होऊन मी कराडच्या आत, माळावरच्या गावात आले. कृष्णेचं पाणी एसटीतून जाताना दिसायचं, गावात पोचायचं नाही. सासूला तिकडं आत्याबाई म्हणतात, सासऱ्यांना मामंजी. मालक फौजेत. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मी त्यांना जेवढं पाहिलं असेल, त्याहून जास्त बनाक्काला पाहिलं.

बनाक्का आमच्या भावकीतली, भिंतीला भिंत लागून. एकटी. नवरा पहिल्या मोठ्या लढाईत, इंग्रजाच्या वेळेला, कुठं तरी समुद्रापलीकडं गेला होता. तिला पेन्शन यायची ती तुटपुंजी, पण यायची. त्यातून ती लाकूड घ्यायची. चुलीला नाही. चुलीला ती चिपाडं आणि काट्याकुट्या वेचून आणायची. विकत घ्यायची ती बाभळीची जाड खोडं, आंब्याचा एखादा ओंडका. परसात पत्र्याच्या तुकड्याखाली ती नीट रचलेली असायची, आणि प्रत्येकाच्या तोंडाला तिनं गेरूचं बोट ओढलेलं असायचं. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, वाळवी लागू नये म्हणून असेल. आत्याबाईंनी सांगितलं, ती तिच्या सरणाची लाकडं आहेत. कुणी चुकून चुलीत घालू नयेत म्हणून खूण.

मला ऐकून कसंसंच झालं होतं. पण बनाक्का त्या लाकडांपाशी बसून शेंगा फोडायची, तांदूळ निवडायची. उन्हाळ्यात त्यांना ऊन दाखवायची. पावसाच्या आधी रचना मोडून परत रचायची. लोक पापड-कुरडयांचं करतात, तसं.

मग तो दुष्काळ आला. त्याबद्दल सगळ्यांनी इतकं सांगितलं आहे, की मी काय सांगणार? मला आठवतो तो मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीचा घशात अडकणारा घास, आणि दुष्काळी खडीच्या कामावर मिळणारी सुकडी, पिठाची गोडसर पूड, जी मी पदराच्या टोकाला बांधून घरी आणायची. गुरं छावणीला नेली. गोठा रिकामा झाला, तरी आत्याबाई रोज सकाळी उठून तो झाडायच्या. शेणच नव्हतं, तर शेणी कुठल्या? झाडांचा पाला आधी शेळ्यांनी खाल्ला, मग फांद्या आम्ही जाळल्या, मग खोडं कुणी कुणी अंधारात तोडून कराडच्या वखारीत घातली. माळावर उभं राहिलं की अगदी लांबवरचं दिसायचं. मधे आडवं यायला काही उरलंच नव्हतं.

त्या फाल्गुनात मालक सुट्टीवर आले. बांगलादेशची लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पण लांबची सुट्टी त्यांना तेव्हाच मिळाली. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. माणूस लढाईतून धड परत आला म्हणजे गावाला वाटतं, आपलंच काही तरी परत आलं. होळी करायची की नाही यावर देवळात बोलणं झालं. म्हातारे म्हणाले, चुकवायची नाही, पाच शेणी मिळाल्या तर पाच शेणींची करा, पण पेटवा. खालच्या वाडीनं विहिरीचा मोडका रहाट होळीला काढून ठेवल्याची बातमी आली होती. जाणत्या गड्यांना ते लागलं. आपल्या गावात फौजी आलाय, आणि आपली होळी पाच शेणींची? होळी ह्या वर्षी मालकांनीच पेटवायची असं ठरलं.

लाकडं कुठून आली, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. बायका घरात होत्या. पुरण कसलं, घरोघरची मूठमूठ डाळ गोळा करून एका घरी पाच पोळ्या केल्या होत्या, त्याही तळहाताएवढ्या. एक देवाला, एक होळीला, बाकीच्यांचे तुकडे. नैवेद्याचं ताट घेऊन आम्ही गेलो तेव्हा होळी पेटलेली होती. आणि काय होळी! माणसाच्या छातीएवढी रास. हलगी वाजत होती. मालक पुढं उभे, कमरेला उपरणं बांधलेलं, तोंड आगीनं लाल. शेवटचा ओंडका त्यांनी स्वतः उचलला आणि वर ठेवला. मला त्यांचा अभिमान वाटला, हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणून लिहिते. मग तो ओंडका आगीत वळला, आणि त्याच्या तोंडावरचं गेरूचं बोट मला दिसलं.

मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांनीही पाहिलं होतं.

तेवढ्यात बनाक्का आली. तिला चालायला वेळ लागायचा. ती गर्दीतून पुढं आली, आगीकडं बघत राहिली, आणि मग तिनं उलटा हात तोंडावर नेला आणि बोंब ठोकली.

त्यावर सगळे हसले. वाईट मनानं नाही. एवढी म्हातारी, विधवा, आणि ती पुरुषांसारखी बोंब मारते आहे म्हणून खुशीनं हसले. कुणी तरी ओरडलं, "आक्काची बोंब एक लंबर." हलगीवाल्यानं ताल वाढवला. गड्यांनी तिच्या सुरात सूर मिसळला, मालकांनीही मिसळला, तिच्याकडं तोंड करून, हसत. ती बोंबलत होती आणि अख्खं गाव तिच्याबरोबर बोंबलत होतं. तिला जे करायचं होतं तेच सगळे करत होते, त्यामुळं तिचं वेगळं कुणाला दिसेना. सणाची बोंब आणि मरणाची बोंब आमच्याकडं एकाच हातानं मारतात. ती वेगळी असल्याचं कळतं ते फक्त थांबण्यावरून.

सगळे थांबले. हलगी थांबली. ती थांबली नाही.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आवाज घोगरा झाला, मग नुसता हात तोंडावर आपटल्याचा आवाज येत राहिला. आत्याबाईंनी जाऊन तिचा हात धरला. मालक गड्यांना विचारत होते, काय झालं, काय झालं. ज्यांना ठाऊक होतं ते खाली बघत होते. मालकांना खरंच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं ते गावाबाहेर होते. त्यांना सांगितलं होतं, म्हातारी जळण दडवून बसलीय, एकटीला एवढं लागतं कशाला? आणि होळीची चोरी ही चोरी नसते.

दुसऱ्या दिवशी धुळवड. रीत अशी की होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून पोरांना घालायचं, राख कपाळाला लावायची, अंगाला फासायची. त्या वर्षी अंघोळीला पाणी नव्हतं, म्हणून नुसती राख. मी आगीपाशी गेले तेव्हा बनाक्का तिथं बसलेली. समोर मडकं. ती झाडणीनं राख ओढून ओढून मडक्यात भरत होती. बाकी कुणी पुढं झालं नाही. एका बाईनं पोराच्या कपाळाला लावायला चिमूटभर मागितली, तर बनाक्कानं तिच्याकडं न बघता म्हटलं, "घे की. माझीच हाय." त्या बाईचा हात परत गेला.

होळी का करतात यावर मी पुष्कळ विचार केला आहे, ह्या पेठेत हळदीच्या वासात बसून. कीर्तनकार सांगतात ती राक्षसिणीची गोष्ट, तिला वर होता की आगीत जळणार नाही, ती पोराला मांडीवर घेऊन बसली आणि स्वतःच जळाली. आमच्याकडं दुसरी एक सांगतात, पोरांना पिडणारी एक राक्षसीण होती, तिला आग पेटवून, शिव्या देऊन, बोंबलून गावाबाहेर हाकललं. दोन्ही गोष्टींत एक बाई आगीपाशी आहे आणि गाव भोवती ओरडतंय. लहानपणी मला हे दिसलं नव्हतं. आता प्रत्येक होळीला दिसतं. मी कुणाला सांगत नाही, सांगितलं तर म्हणतील हिला देवाधर्माचं कळत नाही. कळतच नाही, चौथीत काय कळणार?

सुट्टी संपायच्या आधी मालक बनाक्काकडं गेले. मी दाराआड उभी होते. त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांनी नोटा काढून तिच्यापुढं ठेवल्या. त्या तिच्या लाकडांच्या किमतीहून जास्त असतील.

बनाक्का म्हणाली, "मला पैशात जाळणार हाईस व्हय?"

मालक म्हणाले, "आक्का, वखारीत बघून आलो. न्हाई मिळत. पाऊस पडला की—"

"पाऊस पडंपतूर मी ऱ्हायले म्हंजे. नोटा उचल. लाकूड दे."

त्यांनी नोटा उचलल्या. दारातून बाहेर येताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की हे आता माझ्याकडं आलं. कराडला रेल्वेत बसायच्या आधी ते एवढंच म्हणाले, "तिला जळाय कमी पडू देऊ नगंस." फौजेत त्यांनी काय पाहिलं होतं मी कधी विचारलं नाही. ते सांगत नाहीत.

त्यानंतर रस्त्याच्या कामावरून येताना मी रोज काही तरी आणायची. कधी जमिनीतून उकरलेलं मूळ, कधी जुन्या पुरात वाहून ओढ्याच्या कडेला रुतलेला बुंधा, कधी कुणाच्या पडक्या छपराचा वासा. ते तिच्यापुढं ठेवायची आणि उभी राहायची. ती बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायची. "ही चुलीची." बाजूला. "ही चुलीची." बाजूला. क्वचित एखाद्यावर तिचा हात थांबायचा. "ही सरणाची." मग गेरूची वाटी काढायची. अशी फार थोडी झाली. चुलीची म्हटलेली लाकडं ती माझ्याच हातात परत द्यायची. मी म्हणायची, आक्का, तुमच्या चुलीला ठेवा. ती म्हणायची, भाकरीच न्हाई, चुलीला काय घालू?

आत्याबाईंना हे आवडायचं नाही. घरच्या चुलीला काटकी नाही आणि सून दुसऱ्याच्या सरणाला लाकूड वेचते, असं त्या शेजारणींना सांगायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं. मला त्या एकदाच तोंडावर म्हणाल्या, "होळीत पडलं ते देवाला पावलं. मागायचं नसतंय." मी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी परत मूळ आणलं.

एकदा बनाक्कानं मला बसवून घेतलं. नवऱ्याचं सांगितलं. तार आली तेव्हा ती माझ्याएवढी होती. नवऱ्याचं काहीच परत आलं नाही, कपडाही नाही. भटजी म्हणाले, देह नसला तर दर्भाचा पुतळा करून जाळतात, म्हणजे गती मिळते. भावकीनं पुतळा केला. पुतळ्याला नवऱ्याचं घरी राहिलेलं धोतर नेसवलं. तिला लांबून दिसलं.

"गवत ते," बनाक्का म्हणाली. "काडी लावली आन् भुर्रकन गेलं. मी डोळं पुसून वर बघतीय तर काय बी न्हाई. माणूस असं जातंय व्हय पोरी? माणसाला जळाय येळ लागतो. लाकूड लागतं."

मी तिच्या पायाशी पडलेला भुसा गोळा करत बसले.

जेठाच्या शेवटाला ती गेली. आभाळ नुसतं भरून यायचं आणि माळावरून निघून जायचं, त्या दिवसांत. सकाळी तिचं दार उघडलं नाही म्हणून मामंजींनी ढकललं. ती अंथरुणावर नव्हती, परसात लाकडांना टेकून बसलेली होती. गेरूची वाटी वाळून गेली होती.

पुरुष जमले. लाकडं मोजणीला घेतली, तर गुडघ्याएवढीही रास होईना. वखारीला माणूस पाठवला, तो रिकामा आला. भावकीतले एक जण म्हणाले, म्हातारी वाळून काटकी झालीया, लागतंय किती, वरनं रॉकेल ओतू. रॉकेलही कुणाच्या घरात बाटलीभराच्या वर नव्हतं. कुणी म्हणालं, मग पुरू. आमच्यात पुरत नाहीत, पण दुष्काळात कोण विचारतो? मामंजी मुंडासं काढून मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या डोळ्यांपुढं ते गवत येत होतं. मालक म्हणाले होते ते शब्द येत होते. पण पुरुषांच्या बैठकीत जाऊन मी काय बोलू? माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो कुणी घेत नव्हतं.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. मला वाटलं आत जातील. त्या गोठ्याकडं गेल्या. गोठा रिकामाच होता. एक बैल छावणीत मेल्याची खबर तेव्हा येऊन गेलेली होती. त्यांनी छपराच्या खांबाला, मेढीला हात लावला. बाभळीच्या मेढी, त्यांच्या लग्नाच्या वर्षी मामंजींच्या वडिलांनी रोवलेल्या. त्या मेढींना बांधलेली गुरं त्यांनी जन्मभर पाहिलेली.

"सूनबाई, कुराड आण," त्या म्हणाल्या.

मामंजी उठून आले. म्हणाले, उद्या पाऊस पडला, गुरं आली, तर बांधायची कशाला? छप्पर खाली येईल. त्यांचं चुकत नव्हतं.

आत्याबाई म्हणाल्या, "माझा ल्योक बंदूक घिऊन कुठं हुबा हाय ठावं न्हाई. त्यानं हिची लाकडं जाळली. हिला गवतागत जाऊ दिली, तर त्याच्या वाट्याला काय यील?"

पुरुष उठले. छपराचा गवताचा भार उतरवला, मेढी उपटल्या, वरचं आडवं आढं काढलं. मी कुऱ्हाड आणून दिली होती आणि बाजूला उभी होते. मेढींच्या जागी जमिनीत खड्डे पडले. त्यांतली माती ओलसर होती, आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिली, इतके दिवस ओली माती पाहिली नव्हती.

बनाक्काला उचललं तेव्हा तिच्यामागं रडायला लेक नव्हती, सून नव्हती. भावकीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. माझा उलटा हात कधी तोंडावर गेला मला कळलं नाही. आवाज निघाला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुणी हसलं नाही.

बायका ओढ्याकाठच्या मसणवटीपर्यंत जात नाहीत. मी घराच्या मागच्या बाजूनं धूर पाहिला. आत्याबाईंनी ते राखेचं मडकंही पाठवून दिलं होतं, सरणाच्या खाली पसरायला, कारण तीही तिचीच लाकडं होती. धूर फार वेळ होता. भुर्रकन गेला नाही. पुरुष परत आले, दारात पायांवर पाणी घेतलं, आणि मामंजी कुणाकडंच न बघता म्हणाले, "नीट जळाली."

पाऊस त्यानंतर पडला. थोडा. राहिलेला बैल आणि गाय परत आली, ती उघड्यावर, पडवीच्या कडेला भिजत उभी राहिली. बैल पुढं विकला. गोठा पुन्हा झाला नाही, एक साल नाही, दुसरं नाही. मालक सुट्टीवर यायचे आणि ते खड्डे बघायचे. कुणी ते बुजवले नव्हते. आत्याबाई त्यांच्या कडेनं झाडायच्या, आत कचरा जाऊ द्यायच्या नाहीत. मालकांनी आईला सगळं विचारलं असेल, मला नाही विचारलं. एकदाच म्हणाले, मेढी किती जाड होत्या गं? मी दोन्ही हातांनी दाखवल्या.

फौज सुटली, आम्ही सांगलीला आलो. पगारातून ते काही बाजूला टाकत आले. मला वाटायचं, शिलाई मशीन घेतील. गेल्या दिवाळीनंतर कराडच्या वखारीतून त्यांनी मेढी आणि आढं निवडून घेतलं, बैलगाडीत घालून गावाला नेलं. मीही गेले होते. वखारवाल्यानं सागाची दाखवली तर म्हणाले, नको, बाभूळ. जुन्या खड्ड्यांतच त्यांनी त्या उभ्या केल्या. खड्डे अजून तेवढेच होते, फक्त कडा गोल झाल्या होत्या. पहारीनं माती ठोकत होते, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. भावकीतला एक गडी जाता जाता म्हणाला, "गुरं हाईत कुठं गड्या, मेढी कुणाला रं?" मालक माती ठोकत राहिले.

आत्याबाईंना आता नीट दिसत नाही. त्या चाचपडत बाहेर आल्या. पहिल्या मेढीला हात लावला, खालून वर फिरवला. मग बोटाच्या पेरानं ठोकलं आणि कान लावला. दुसऱ्या मेढीपाशी गेल्या, ठोकलं, ऐकलं. सगळ्या ठोकून झाल्या. मालक हातात पहार धरून उभे होते, शाळेतल्या पोरासारखे.

"सरणाची हाईत," आत्याबाई म्हणाल्या. मग मातीचे हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "फिटलं रं बाबा. सगळं फिटलं."